चार स्क्रू जास्त

दुकानाच्या दर्शनी भिंतीवर तीन शब्द रंगवले होते: स्वस्त, मजबूत, प्रामाणिक. त्यातला ‘स्वस्त’ लालभडक आणि हत्तीएवढा. ‘मजबूत’ त्याच्या निम्मा. आणि ‘प्रामाणिक’ पार खालच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या डब्यामागे, एवढा बारीक की वाचायला भिंतीला नाक लावावं लागे. भिंगरीचं म्हणणं होतं की रंगाऱ्याने माप अगदी बरोबर घेतलंय, दुकानात तिन्ही गोष्टी नेमक्या त्याच प्रमाणात मिळतात.

भिंगरी पंधरा वर्षांची. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून हे नाव पडलं. आता बसायची, पण जीभ फिरत राहायची. यंदा शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिने वरच्या वर्गातल्या एका दांडगोबाला भर स्टेजवर निरुत्तर केलं होतं, आणि तेव्हापासून निरुत्तर करण्यासारखी माणसं जगात किती आहेत याचा तिला रोज नव्याने शोध लागत होता. या दुकानात तर ती घाऊक मिळत.

तिची आई दुकानाच्या मागच्या बाजूला, पॅकिंगच्या टेबलावर, अकरा वर्षं काम करत होती. इथलं फर्निचर खोक्यात बंद करून सुटं मिळायचं: भुसा दाबून केलेल्या फळ्या, एक वाकडा पाना, चित्रांचा एक कागद आणि स्क्रूची एक पिशवी. घरी न्या, जोडा, भांडा. स्क्रूच्या पिशव्या भरायचं काम आईचं आणि तिच्या हाताखालच्या एका काकूंचं.

शाळा सुटल्यावर आईची पाळी संपेपर्यंतचा दीड तास भिंगरी दुकानातच काढी. वरच्या मजल्यावर गिऱ्हाइकांना दाखवायला खोटी खोटी घरं मांडली होती, त्यातली ‘मुलांची अभ्यासाची खोली’ तिने बळकावली होती. टेबल खरं, खुर्ची खरी, बाकी सगळं नाटक. शेल्फातली पुस्तकं पुठ्ठ्याची, आतून पोकळ. संगणक प्लॅस्टिकचा. खिडकीबाहेरची बाग कागदावर छापलेली आणि त्या बागेत बारा महिने तीच चिमणी त्याच फांदीवर. गिऱ्हाइकं तिला गृहपाठ करताना बघून कौतुकाने थांबत. एकदा एका आजींनी तिच्या गालाला बोट लावून पाहिलं आणि ती “काय हो?” म्हणाली तेव्हा किंचाळल्या.

त्या बुधवारी ती असाच गृहपाठ करत बसली होती, तेवढ्यात खालच्या तक्रारींच्या खिडकीवर आवाज चढला.

आवाज मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे तिच्या शाळेतून निवृत्त झालेले भूमितीचे शिक्षक, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने सबंध वर्गाची कंपासपेटी थरथरायची. ते आज हातात रुमालाची गाठ घेऊन उभे होते. गाठ सोडून त्यांनी खिडकीवर चार स्क्रू मांडले.

“हे उरले,” मास्तर म्हणाले.

खिडकीमागे दर्जासाहेब होते. दर्जा तपासणी हा त्यांचा हुद्दा, आणि दर दुसऱ्या वाक्यात ते ‘दर्जा’ म्हणत, म्हणून सगळ्यांनी त्यांना तेच नाव दिलं होतं. दर्जा मात्र त्यांनी आजवर फक्त उच्चारला होता.

“काका, शेल्फ नीट उभं आहे ना?”

“उभं आहे हो. पण चार स्क्रू उरलेत म्हणजे चार जागी लावायचे राहिले असणार! मी सगळं उकललं, पुन्हा जोडलं. पुन्हा चार उरले. परत उकललं. आता त्या फळ्यांची भोकं एवढी सैल झालीत की शेल्फ माझ्याकडे बघून मान डोलावतं. चाळीस वर्षं भूमिती शिकवली मी. आमची ही म्हणते, तुम्हाला आयताकृती पेटी जोडता येत नाही, पोरांना काय शिकवलंत?”

मास्तरांमागे रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या मुठीत चार चार स्क्रू होते. एका जोडप्याने तर एकमेकांकडे पाठ केली होती. तो म्हणत होता, हिने चित्राचा कागद उलटा धरला. ती म्हणत होती, याला सरळ धरलेलाही कळत नाही. पंधरवडाभर हेच चालू होतं. एकाही शेल्फात काही कमी नव्हतं. तरी अख्खं गाव स्वतःला बावळट समजून घरोघर फर्निचर उकलत बसलं होतं.

“ही पॅकिंगमधली मानवी चूक आहे,” दर्जासाहेब गोड आवाजात म्हणाले. “दर्जाशी आम्ही तडजोड करत नाही. संबंधितांवर कारवाई होईल.”

भिंगरीच्या हातातलं पेन थांबलं. संबंधित म्हणजे आई.

ती जिन्यावरून धडधडत मागच्या खोलीत गेली. तिथे लांबलचक टेबल, मध्ये स्क्रूचा हौद असावा तसा पत्र्याचा डबा, आणि टेबलाच्या टोकाला काटा. हा काटा तीन वर्षांपूर्वी आला. त्याआधी आई आणि काकू पाटीवर मोजत. पाटी म्हणजे बारा भोकांचा लाकडी ठोकळा. शेल्फला बारा स्क्रू लागतात, म्हणून बारा भोकं. मुठीने स्क्रू सोडायचे, भोकाभोकात एकेक बसवायचा, पाटी भरली की पिशवीत उलटी करायची. चूक व्हायला जागाच नाही. पण दर्जासाहेबांना ते मागासलेलं वाटलं. त्यांनी इलेक्ट्रिक काटा आणला: पिशवी ठेवायची, स्क्रू ओतायचे, शहाण्णव ग्रॅम झाले की हिरवा दिवा. एक स्क्रू आठ ग्रॅमचा, बारा अठ्ठे शहाण्णव. मोजायचं नाही, बघायचं नाही, विचार तर मुळीच करायचा नाही. दर तासाला दुप्पट पिशव्या. टाकून दिलेली पाटी आईने घरी आणली, आणि तेव्हापासून ती भिंगरीच्या पेन्सिली ठेवायला होती.

आई हातात एक कागद घेऊन उभी होती. तिच्या समोर काकू डोळ्याला पदर लावून.

“काय आहे ते?” भिंगरीने कागद ओढला.

वर लिहिलं होतं: माझे निवेदन. खाली, छापील अक्षरांत: ‘मोजणी करताना माझ्याकडून हलगर्जीपणा झाला. बारा स्क्रूंच्या जागी कमीजास्त स्क्रू भरले गेले. दुकानाने मला समजून घेतले याबद्दल मी ऋणी आहे.’

“हे तू लिहिलंस?”

“मी कशाला लिहू? लिहून आलंय. शनिवारी वाचायचंय.”

शनिवारी दुकानात समारंभ होता. ग्राहक मंडळाच्या एक बाई येऊन दुकानाला ‘जबाबदार दुकान’ असं कोरलेली ढाल देणार होत्या. आणि दर्जासाहेबांच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली होती की ढाल घेण्याआधी दुकानाने सगळ्यांसमोर आपली एक चूक कबूल करायची. किती छान दिसेल! चूक कबूल करण्याएवढं मन मोठं असलेलं दुकान. फक्त कबूल करायला दुसरं कुणीतरी हवं होतं.

“आणि नाही वाचलं तर?”

“तर सोमवारपासून येऊ नका म्हणाले.” आईने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. “काटा तर रोज हिरवाच होता गं. मी एकदासुद्धा लाल दिव्यावर पिशवी बंद केली नाही.”

काकू मुसमुसत म्हणाल्या, “आणि ताईंनी सांगितलं होतं त्यांना! महिन्यापूर्वीच सांगितलं की मूठ वेगळी लागतेय. मी होते की इथेच.”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हणाले, बाई, हातावर नको, काट्यावर विश्वास ठेवा.”

दर्जासाहेबांची एक खोड भिंगरीला पाठ होती. काम काढून घ्यायचं असलं की ते आईला ‘ताई’ म्हणत आणि झटकून टाकायचं असलं की ‘बाई’. निवेदनाचा कागद देताना ते ‘ताई’च म्हणाले असणार, हे विचारायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी घरी आई नेहमीसारखी वावरत होती, म्हणजे नेहमीपेक्षा जरा जास्तच नेहमीसारखी. भांडी दोनदा घासली. भिंगरी खोलीत येरझारा घालत भाषण देत होती.

“मी सांगते काय करायचं. शनिवारी मी स्टेजवर जाते, माइक हातात घेते आणि म्हणते, सज्जनहो, हे दुकान म्हणजे—”

“खाली बस.”

“आई, तू वाचणार आहेस का ते?”

आईने ओले हात पुसले. “अकरा वर्षांत माझी एक पिशवी परत आली नव्हती. आता शनिवारी सगळ्यांना सांगायचं की मला बारापर्यंत मोजता येत नाही. त्या मास्तरांच्या समोर. तुझ्या शाळेतल्या बाईंसमोर.” मग म्हणाली, “आणि नाही सांगितलं तर दुसरं काम शोधायचं. माझ्या वयात. तू ओरड हवं तेवढं, पण मला दोन्ही दिसतंय.”

भिंगरी फणफणत आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. खिशात मास्तरांचे चार स्क्रू होते. ते खिडकीवरच टाकून मास्तर निघून गेले होते आणि तिने उचलून आणले होते. चाळा म्हणून तिने पाटीतली एक पेन्सिल काढली आणि त्या भोकात स्क्रू सोडला.

स्क्रू गायब झाला.

तिने आत डोकावून पाहिलं. स्क्रू तळाशी होता, डोकं भोकाच्या आत. बोटाने निघेना. पाटी उलटी करून आपटावी लागली. दुसरा सोडला, तोही बुडाला.

“आई! पाटीत स्क्रू टाकले की डोकी वर राहायची ना?”

“राहायचीच. नाहीतर कुठलं भोक रिकामं राहिलं ते एका नजरेत कळणार कसं? मुद्दाम तेवढीच खोल भोकं पाडली होती सुताराने.”

“मग हे बघ.”

आईने पाहिलं. मग सरळ उठून भिंतीजवळच्या त्यांच्या स्वतःच्या शेल्फाकडे गेली, भिंगरीची पुस्तकं उतरवून खाली ठेवली आणि ड्रॉवरमधून वाकडा पाना काढला. हे शेल्फ याच दुकानातलं, आई कामाला लागली त्या वर्षी घेतलेलं. तीनदा घर बदललं, तिन्ही वेळा ते उकललं आणि जोडलं गेलं, अजून बुरुजासारखं उभं होतं. आईने त्यातला एक स्क्रू काढून भिंगरीच्या हातावर ठेवला, शेजारी मास्तरांचा नवा.

सारखं डोकं, सारखा रंग. पण जुना चांगला पाच सेंटिमीटर, नवा चार. अंगानेही सडसडीत. दोन्ही नुसते तळहातावर घेतले की कळत होतं. भिंगरी शाळेच्या प्रयोगशाळेतून दुसऱ्या दिवशी वजन करून आली: जुना आठ ग्रॅम, नवा सहा.

शहाण्णव भागिले सहा. सोळा.

“म्हणजे काटा बरोबर होता,” आई सावकाश म्हणाली. “त्याला कुणी सांगितलंच नाही की स्क्रू बदललाय.”

“का नाही सांगितलं? एवढा साधा आकडा बदलायचा!”

“आकडा बदलायचा म्हणजे रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, का बदलला. लिहिलं की ते ग्राहक मंडळाला दिसणार. ढालीच्या वर्षी कोण लिहील?” आई चक्क हसायला लागली. “मलाही सांगितलं नाही, काकूंना नाही. आणि सगळ्यांपासून लपवता लपवता काट्यापासूनही लपवलं!”

भिंगरीला हसू आलं नाही. तिला ते भिंतीवरचे तीन शब्द आठवत होते. “स्वस्त विकायचं तर असंच करावं लागत असेल,” ती तोंड वाकडं करून म्हणाली. “सगळं स्वस्त खोटंच.”

“काही खोटं नसतं,” आई फटकन म्हणाली. “हे शेल्फ स्वस्तच होतं. महाग असतं तर तुझी पुस्तकं अजून जमिनीवर असती. पातळ फळी, साधा रंग, जोडायचं आपण आपलं. काय कमी केलंय ते डोळ्यांना दिसत होतं, आणि स्क्रू मात्र पाच सेंटिमीटरचा. कुठे कमी करायचं आणि कुठे नाही, हे तेव्हा कुणाला तरी कळत होतं तिथे.”

आणि तिने शेल्फातले उरलेले अकराही स्क्रू काढले. फळ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“शनिवारी तू यायचं,” आई म्हणाली. “पण तोंड उघडायचं नाही. पिशव्या माझ्या होत्या. बोलायचं तेही मीच.”

जगातली ही सगळ्यात अवघड अट होती. भिंगरीने ती मान्य केली.

शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या खोट्या दिवाणखान्यात समारंभ मांडला होता. मालक पांढरे बूट घालून आले होते. ते वर्षातून दोनदा दुकानात येत, आणि दोन्ही वेळा फर्निचरला हात लावायचा टाळत. पाहुण्या बाई सोफ्यावर बसल्या होत्या आणि उठता येईल की नाही या चिंतेत होत्या. त्यांच्या मागे नवंकोरं शेल्फ, त्यात पुठ्ठ्याची पुस्तकं, आणि मधल्या कप्प्यात भलीमोठी ढाल.

आता कुणालाही वाटेल की ते शेल्फ ऐन समारंभात कोसळलं असणार. भिंगरीही सबंध वेळ त्याच आशेने त्याच्याकडे टक लावून होती. नाही कोसळलं. अशी शेल्फं दुकानात कधीच कोसळत नाहीत. ती तुमच्या घरी जाईपर्यंत दम धरतात.

मालक बोलले. आमचं स्वप्न, प्रत्येक घरात फर्निचर. आमचं हृदय, ग्राहक. त्यांच्या भाषणात शरीराचे इतके अवयव आले की भिंगरीला जीवशास्त्राचा तास आठवला. कणा मात्र कुठे आला नाही. मग दर्जासाहेबांनी माइक घेतला.

“चूक कुणाकडून होत नाही? पण ती कबूल करायला दर्जा लागतो. आमच्या पॅकिंग विभागातल्या ताई आता स्वतःहून आपलं मनोगत व्यक्त करतील.”

आई पुढे आली. एका हातात कागद, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पुढच्या रांगेत मास्तर, त्यांच्या शेजारी त्यांची ‘ही’, मागे ते पाठमोरं जोडपं, आता एका बाजूला तोंड करून. भिंगरीने स्वतःची जीभ दातांखाली धरली, अगदी खरोखर धरली.

“मला हा कागद वाचायला दिलाय,” आई म्हणाली. माइकपासून लांब उभी होती, तरी ऐकू गेलं. “यात लिहिलंय की मला बारा मोजता येत नाहीत. आधी मोजून दाखवते, मग वाचते.”

“ताई, नुसतं वाचा,” दर्जासाहेब हळूच म्हणाले.

“काकू, काटा आणता का?”

आणि काकू, ज्या गेले तीन दिवस फक्त रडत होत्या, त्या काटा कडेवर घेऊन आल्या आणि त्यांनी तो खोट्या दिवाणखान्याच्या खऱ्या टेबलावर ठेवला. वायर लावायला खोटा टीव्ही बाजूला करावा लागला.

आईने दुकानातली बंद पिशवी काट्यावर ठेवली. हिरवा दिवा. मग कापडी पिशवीतून पाटी काढली आणि दुकानातली पिशवी फोडून तिने स्क्रू पाटीत भरले. एक, दोन, तीन. सगळे मोजायला लागले, मास्तर सगळ्यात मोठ्याने. बारा भोकं भरली, प्रत्येक डोकं आत बुडालेलं. आईच्या तळहातावर चार उरले.

“हे चार तुमच्याकडे उरले ना, मास्तर? तुमचं काही चुकलं नव्हतं. कुणाचंच नव्हतं.”

मास्तरांनी आपल्या ‘ही’कडे अशा काही नजरेने पाहिलं की ती माउली छताकडे बघायला लागली.

मग आईने घरच्या शेल्फाचे बारा जुने स्क्रू काट्यावर ओतले. शहाण्णव. हिरवा. ते काढून पाटीतले बारा नवे ओतले. बहात्तर. लाल.

“काट्याला बारा कळत नाहीत,” आई म्हणाली. “त्याला शहाण्णव कळतात. स्क्रू आखूड केला, बारीक केला, आणि काट्याला सांगायचं राहिलं. कारण कुणालाच सांगायचं नव्हतं.” तिने कागदाची घडी करून तो मालकांपुढे ठेवला. “मला बारा येतात. हे मी वाचणार नाही.”

दर्जासाहेबांच्या चेहऱ्याचा रंग भिंतीवरच्या पहिल्या शब्दासारखा झाला. भिंगरीला वाटलं, झालं! निरुत्तर! आता पाहुण्या बाई ढाल काखेत मारून निघणार.

पण मालक उगाच मालक नव्हते. ते दोन पांढरी पावलं पुढे आले आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

“पाहिलंत?” ते म्हणाले. “याला म्हणतात पारदर्शकता! आमच्या साध्या कर्मचारी भगिनीलाही इथे मोकळेपणाने बोलता येतं. आणि मित्रहो, त्यांनी आज आपलं एक गुपित फोडलं. होय! आमच्या प्रत्येक शेल्फसोबत चार स्क्रू जास्त! आमच्याकडून भेट!”

“पण आखूड का?” मास्तरांनी विचारलं.

“आखूड नाही काका, आटोपशीर.”

“पाचाचे चार केलेत.”

“बाराचे सोळाही केले!”

लोक हसले. आणि भिंगरीला आयुष्यात पहिल्यांदाच माणसांचा असा मनापासून राग आला, कारण हसण्यामागोमाग टाळ्या पडल्या. चार स्क्रू फुकट मिळाले म्हणून! ज्यांच्या भिंतीला पाऊण स्क्रूवर अख्खा संसार टांगला होता तेच टाळ्या पिटत होते. पाहुण्या बाईंनी घड्याळ बघून ढाल मालकांच्या हातात दिली. दर्जासाहेबांनी ती लगेच भिंतीवर ठोकून घेतली, ‘प्रामाणिक’ या शब्दाच्या बरोबर वर, म्हणजे निदान कचऱ्याचा डबा तरी तिथून हलला.

जाता जाता मालक आईजवळ थांबले. “ती लाकडी पाटी द्या आम्हाला. काचेच्या कपाटात ठेवू. ‘आमची परंपरा’ असं लिहून.”

“नाही देता यायची,” आई म्हणाली. “लेकीच्या पेन्सिली आहेत त्यात.”

घरी येताना भिंगरी तोफखान्यासारखी सुटली. लबाड, पाजी, पांढऱ्या बुटाचा बगळा, आणि लोक तर, लोक तर! आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला कागद वाचायचा नव्हता. नाही वाचला. सोमवारपासून येऊ नका असंही आता कुणी म्हणणार नाही, त्यांनीच भगिनी करून ठेवलंय. चल, फळ्या धर, शेल्फ जोडू.”

बारा स्क्रू बारा जागी बसले. एकही उरला नाही.

सोमवारी दुकानावर भलामोठा फलक लागला: ‘प्रत्येक पिशवीत चार स्क्रू जास्त!’ मागच्या खोलीत हुकूम आला की यापुढे सोळाच भरायचे. आईने मान हलवली आणि भरायला लागली. भिंगरीला वाटलं, संपलं. जिंकले ते. ती वर खोट्या खोलीत जाऊन त्या छापील चिमणीकडे डोळे वटारून बसली.

गुरुवारी खालून आवाज आला.

ती जिन्यावर आली. तक्रारींच्या खिडकीपुढे पुन्हा रांग होती, आणि सगळ्यांच्या हातात न फोडलेल्या पिशव्या. प्रत्येक पिशवीवर जाड काळ्या पेनाने, आईच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘१६ नग. लांबी ४ सेंमी. पूर्वी १२ नग, लांबी ५ सेंमी.’ बस. पुढे ना उद्गार ना टोमणा.

“आम्हाला पाच सेंमीवाले द्या,” रांगेतली पहिली बाई म्हणत होती. “बाराच द्या. चार कमी चालतील.”

दर्जासाहेब एक पिशवी नाचवत मागच्या खोलीत धावले. भिंगरी त्यांच्या मागोमाग.

“हे काय लिहिलंय?”

“लांबी,” आई म्हणाली आणि पुढच्या पिशवीवर लिहायला लागली.

“कुणाला विचारून?”

“चुकीचं आहे का?”

“चुकीचं नाहीये, पण—”

“मग मालकांना विचारा. ते म्हणाले ना, इथे मोकळेपणाने बोलता येतं? मी बोलतेसुद्धा नाहीये, नुसतं लिहितेय. खोडायचं असेल तर तसा कागद द्या, सही करून.” आईने पेनाचं टोपण लावलं. “त्याच ढालीखाली लावते.”

कागद देणं हा दर्जासाहेबांचा आवडता उद्योग, पण आपल्या सहीचा कागद त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता. बाहेर मास्तर खिडकीवर फूटपट्टी आपटत होते. ती ते घरून घेऊन आले होते.

“ताई,” दर्जासाहेब म्हणाले. “अहो ताई, समजून घ्या. ताई, जुना माल आहे थोडा गोदामात, पाच सेंमीचा. तोच भरा तोवर. ताई, काट्याला लांबी कळत नाही, ती पाटी आहे का हो अजून तुमच्याकडे?”

चार वेळा ताई. भिंगरीने मोजलं.